पहिल्या सेलला

आमच्यात वाटणीची एक रीत हाय. थोरल्यानं वाटे पाडायचे आन् धाकट्यानं आधी उचलायचं. म्हंजे थोरल्याला लबाडी करता येत नाय. तरी मी केली.

दिवाळी झाली आन् माझी नि सोमनाथची वाटणी झाली. सोमनाथ माझा धाकटा भाऊ. रान निम्मं-निम्मं झालं, विहीर सामाईक राहिली, अंगणात मधोमध पत्रे उभे राहिले. उरला ट्रॅक्टर. आबांनी, म्हंजे आमच्या वडलांनी घेतलेला, पस्तीस वर्सांचा, लाल रंग उडून विटकरी झालेला. तो मला पायजे व्हता. का, ते सांगतो, हसू नका. सोमनाथ बोलायला गोड. लग्नाकार्यात लोक त्याला पुढं बसवायचे, मला विचारायचे, "सोमनाथराव आले का?" त्याचा पोरगा प्रणय चितेगावला कंपनीत लागलेला. मला दोन पोरी, दोघी आपापल्या घरी सुखी. पण साऱ्या शिवारात एक गोष्ट माझ्या नावावर व्हती. कितीबी थंडी पडू द्या, कारभारी, म्हंजे मी, शिटावर बसलो, सेलचं, म्हंजे स्टार्टरचं बटन दाबलं की पहिल्या सेलला ट्रॅक्टर उठायचा. दुसऱ्यांचे कण्हत बसायचे, माझा धडधड करायचा. लोक म्हणायचे, कारभारीच्या हाताला यश हाय. सोमनाथकडं सगळं व्हतं, माझ्याकडं तेवढा एक सेल व्हता.

म्हणून मी वाटे कसे पाडले? एका वाट्यात नुसता ट्रॅक्टर. दुसऱ्यात नवा गोठा, दोन म्हशी, गाय, कडबाकुट्टी, वैरणीची गंज. इतकं भरलं की ट्रॅक्टर उचलणारा येडाच पायजे. सोमनाथनं दोन्ही वाट्यांकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं, आन् गोठा उचलला. मी मनात म्हणलं, फसला गडी.

पंधरा दिवसांत त्यानं नवा कोरा निळा ट्रॅक्टर आणून गोठ्यापुढं उभा केला. हार काय, नारळ काय, प्रणयचे फोटो काय. पेढे घेऊन माझ्या दारात आला तर मी पेढा खिशात टाकला. म्हणलं, उपास हाय. कशाचा उपास? त्या दिवशी बुधवार व्हता.

पौष लागला आन् थंडीनं दात काढले. खोबरेल तेलाची बाटली चुलीपाशी ठेवावी लागायची. मोटरसायकलवर वैजापूरला जाऊन आलं की बोटं आपली हायेत का दुसऱ्याची, कळायचं नाय. त्यातच कांद्याची लागवड आली. माझं दोन एकर रान दुपारच्या उन्हात नांगरून पडलेलं. त्याच्यात रोटा मारून ढेकळं फोडायची, वाफे पाडायचे, मागं पाणी सोडायचं आन् पाण्यामागं बायांनी रोप लावत जायचं. लाईट त्या आठवड्यात दिवसाची व्हती. रोप जून व्हायला लागलेलं, पाती पिवळी पडत चालली. मनकर्णाबाईची अठरा बायांची टोळी मी आधी सांगून ठेवलेली. पहिले दोन दिवस माझे, मंग एक सोमनाथचा.

पहिल्या दिवशी साडेसातला टोळी दारात हजर. डोक्याला फडकी, अंगात नवऱ्यांचे जुने शर्ट, तोंडातून वाफा. मी रुबाबात शिटावर चढलो. मनकर्णाबाई म्हणाली, "थांबा गं, पघा आता. एका सेलात उठतो कारभारीभाऊचा."

बटन दाबलं. घुर्र, घुर्र झालं आन् गप.

पुन्हा दाबलं. घुर्र. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ऑइल चेंबरात काकवीसारखं घट्ट झालेलं, इंजन फिरायलाच तयार नाय. पांढरा धूर एकदा आला न् गेला. स्टेरिंगचं लोखंड इतकं गार की तळवे चिकटत व्हते. माझी बायको आशा दारातून म्हणाली, "अहो, ऊन वर येऊ द्या. दहापर्यंत आपसूक व्हईल."

"टोळी दहापर्यंत थांबती का? आत जा तू."

आठव्या सेलला बॅटरी बसली. मंग मी बायायला म्हणलं, धक्का मारा. अठरा बाया मागं लागल्या. ट्रॅक्टर चार हात सरकला, माझ्या भुसभुशीत अंगणात चाक रुतलं आन् थांबला. एकजण तोंडावर पडली, बाकीच्या हसायला लागल्या. बाया हसायला लागल्या की थांबत नायत. एक म्हणाली, "कारभारीभाऊ, तुमी उतरा, तुमच्या वजनानंच दबलाय त्यो."

तेवढ्यात पत्र्यापलीकडून निळा ट्रॅक्टर टकटक करत आला. सोमनाथच्या हातात साखळी. "दादा, ओढून दिऊ का?"

ओढून! माझ्या ट्रॅक्टरला त्याच्या ट्रॅक्टरची साखळी, आन् वरतून अठरा बाया बघणार. संध्याकाळपर्यंत वैजापूरच्या मार्केटात गोष्ट गेली असती. मी म्हणलं, "काय गरज नाय. माझं मी बघतो."

"दादा, रोप जून हुतंय."

"माझं रोप हाय."

तो साखळी गोळा करून गेला. मनकर्णाबाईनं माझ्याकडं पाह्यलं, आभाळाकडं पाह्यलं. "भाऊ, राग धरू नका. बायायचा रोज बुडतो. सोमनाथभाऊचं रान तयार हाय, आज तिकडं लावतो. उद्या तुमच्याकडं."

गेल्या. मी बॅटरी खोलली, मोटरसायकलवर मांड्यांच्या मधी धरली आन् वैजापूरला चार्जिंगला टाकली. येता-जाता दोन्ही वेळा सोमनाथच्या रानाकडून रस्ता. वाफ्यात अठरा वाकलेल्या पाठी, पाण्यात लाल झालेली बोटं, पुढं पुढं हिरवी रांग. दुपारी त्याच्या बायकोनं, सायलीनं, बांधावर चहा नेला. बाया हसत व्हत्या. त्या माझ्यावरच हसतायत असं मला वाटलं, आन् खरं सांगतो, पोटात असं काही पेटलं की थंडी वाजायची थांबली.

बॅटरी अंधार पडता पडता मिळाली. दुसऱ्या दिवशी मी काय काय नाय केलं? आशाकडून दोन हंडे पाणी उकळून घेऊन रेडिएटरमधी ओतलं. पाण्यानं इंजनचं डोकं तापलं, खालचं चेंबर गारच. मंग काडीला फडकं गुंडाळून, डिझेलमधी बुडवून पेटवलं आन् हवेच्या नळीपाशी धरलं, म्हंजे आत गरम हवा जाईल. डाव्या हातात पेटतं फडकं, उजवा हात लांबवून बटनावर. वाऱ्याचा एक झोत आला आन् अर्धी मिशी गेली. टोळी दारातच व्हती. वास त्यांच्यापर्यंत गेला. ह्या वेळी हसल्या नायत, तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. ते जास्त लागलं.

बॅटरी पुन्हा बसली. अर्धी मिशी चोळत मी उभा, आन् पत्र्यापलीकडं सोमनाथ म्हशीला पेंड घालत व्हता, आपल्याला काही दिसतच नाय असा. माझं डोकं फिरलं.

"सोम्या! काय केलं तू माझ्या ट्रॅक्टरला?"

त्यानं पाटी खाली ठेवली. "मी?"

"तू नाय तर कोण? बावीस वर्सं पहिल्या सेलला उठला. तुझा निळा आला आन् हा मेला? काय घातलं डिझेलमधी? पाणी घातलं का साखर घातली?"

सायली गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. सोमनाथचं तोंड पांढरं पडलं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, "दादा, वाटणी झाल्यापासून, एक तो पेढ्याचा दिवस सोडला तर, मी तुझ्या अंगणात पाय ठिवला नाय."

"तेच तर झालंय," आशा माझ्यामागं पुटपुटली. मला ऐकू आलं, पण अर्थ कळला नाय, आन् विचारायची तेव्हा शुद्ध नव्हती.

मनकर्णाबाई पुढं आली. "कारभारीभाऊ, आज बी तिकडंच लावतो. उद्याचा एक दिवस तुमचा धरते. परवा आमची टोळी शिऊरला चालली, मंग पंधरा दिवस सापडायची नाय. उद्या साडेसातला वाफा पडायला लागला तर लावू, नायतर तुमचं तुमी पघा."

पंधरा दिवसांनी रोप कसलं राहतंय? शेळ्यांपुढं टाकायला. दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर मागावा तर सगळ्यांची तीच घाई, आन् मागायला तोंड कुठं व्हतं? पुन्हा बॅटरी खोलली, पुन्हा वैजापूर.

दिवेलागणीला बॅटरी घेऊन आलो आन् जेवायला बसलो. भाकरी गिळवत नव्हती. आशा चुलीपुढं, माझ्याकडं पाठ. मी म्हणलं, "सकाळी काय पुटपुटलीस?"

"काय नाय."

"आशा."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "तुम्ही थंडीच्या दिवसात कितीला उठायचे?"

"सहाला. का?"

"भावजी चारला उठायचे. माझ्या चुलीत गोवऱ्या जाळून इंगळ करायचे, घमेल्यात भरायचे, आन् ट्रॅक्टरच्या चेंबराखाली नेऊन ठिवायचे. दोन तास. तुमचा खाकरल्याचा आवाज आला की काढून न्यायचे. तुमी चहा पिऊन शिटावर बसायचे तवा चेंबर आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट असायचं."

ट्रॅक्टरखाली रोज राखेचा एक गोल दिसायचा. किती वेळा मी आशावर खेकसलो, की राख टाकायला तुला दुसरी जागा नाय का. ती गुमान खराट्यानं झाडून काढायची.

"बावीस वर्सं?"

"आबा गेले तवापासून. आधी आबाच ठिवायचे. जाताना भावजींना सांगून गेले."

"मला का नाय सांगितलं?"

आशानं भाकर टोपल्यात टाकली. मंग म्हणाली, आन् तिच्या आवाजात मला थोडं हसू बी जाणवलं, "आबा म्हणायचे, थोरला तापट हाय. पहिल्या सेलला ट्रॅक्टर उठला नाय तर दिवसभर घराला आग लावतो. त्यापरीस ट्रॅक्टरखाली लावलेली बरी."

मी ताट सरकवलं. कुणावर चिडावं तेच कळंना. माझा बाप, माझा भाऊ, माझी बायको, तिघांनी मिळून मला लहान पोरासारखं सांभाळलं. लोक म्हणायचे हाताला यश हाय, आन् मी मिशीला पीळ देत फिरायचो, आन् हे तिघं आतून काय म्हणत असतील? जळायला माझ्याकडं सोमनाथचा पोरगा व्हता, ट्रॅक्टर व्हता, गोड बोलणं व्हतं. आता तो माझा एक सेल बी त्याचाच निघाला. आता माझं काय राहिलं?

"आन् वाटणी झाल्यावर तू का नाय ठिवलं घमेलं?" मी विचारलं.

"गोवऱ्या कुठं हायेत? गोठा कुणी दिऊन टाकला?"

मी उठून हात धुतले.

तिसऱ्या दिवशी पाचच्या आत उठलो. ठरवलं, माझं मीच करीन. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या भरल्या, घमेलं भरून बाहेर नेलं. पऱ्हाटीचा नुसता जाळ हुतो, इंगळ टिकत नाय. ट्रॅक्टरखाली सरकवलं तर जाळ वर चढला, आशा धावत आली आन् घमेलं फडक्यानं ओढून काढलं.

"डिझेलच्या नळीखाली ठिवता व्हय! ट्रॅक्टर पेटवायचाय का चालू करायचाय?"

"मंग कुठं ठिवायचं?"

"मला काय माहीत? मी चुलीपाशी असायचे. ज्याला माहीत हाय त्याला विचारा."

मी उभा राहिलो. पलीकडं गोठ्यात दिवा लागलेला. चरवीत दुधाच्या धारांचा आवाज येत व्हता, पहिल्या धारा टणटण, मंग मऊ. अंगणातून पत्र्यापर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत मी दोनदा माघारी फिरलो. काल साऱ्यांपुढं त्याला साखर घातली का म्हणलो व्हतो. पण दोन एकर रान डोळ्यांपुढं व्हतं, आन् ती पिवळी पडलेली पात.

पत्र्याच्या फटीतून म्हणलं, "धारा काढतो का?"

"व्हय दादा." धारा थांबल्या नायत.

"थंडी लई हाय."

"हाय."

मी पत्र्यावरचं दव बोटानं पुसलं. शेवटी म्हणालो, आन् मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता, "सोम्या, घमेलं कुठं ठिवायचं?"

धारा थांबल्या. मंग चरवी ठेवल्याचं वाजलं आन् तो पत्र्याला वळसा घालून आला. खांद्यावर पोत्यात गोवऱ्या. माझ्याकडं पाह्यलं नाय, अर्ध्या मिशीकडं तर नायच नाय. चुलीपाशी बसला, गोवऱ्या रचल्या, फुंकणीनं फुंकल्या. आशानं त्याला पाट दिला. दोघांना काय बोलावं लागत नव्हतं, हात आपसूक चालत व्हते. ते बघून मला पुन्हा बारीकशी कळ आली. खोटं कशाला सांगू?

इंगळ लाल झाले तसे त्यानं घमेल्यात भरले, वरून मूठभर राख टाकली. "जाळ नको, ऊब पायजे," म्हणाला. ट्रॅक्टरखाली उकिडवा बसून घमेलं सरकवलं, मंग टाचेनं एक वीत मागं ढकललं. "इथं. नळी त्या अंगाला हाय. वाऱ्याच्या बाजूला पोतं लाव. दीड तास हलवू नको. टोळी यायच्या आत काढून घे."

"काढून का घेऊ?"

तो जरा गोंधळला. "तसंच करायचो," म्हणाला आन् उठून धारा काढायला गेला.

दीड तास मी घमेल्यापुढं बसून राहिलो. बुड गारठलं, तोंड शेकलं. चेंबराला हात लावून लावून बघितला. असं बावीस वर्सं, मार्गशीर्षापासून माघापर्यंत, तो एकटा बसला असंल. त्याला झोप येत नसंल का? मला शिव्या दिल्या असतील का? माझा सेल ऐकून गालात हसला असंल का? मला त्याचा राग यायचा, तो येत नव्हता, आन् न आलेल्या रागाचाच राग येत व्हता.

साडेसातला फडकी दिसली. मी घमेलं काढून चुलीमागं ठेवलं. तसंच केलं, त्यानं सांगितलं तसं. बाया येऊन उभ्या राहिल्या. मी शिटावर बसलो. बटन दाबलं.

एक सेल. धडधडधड! काळ्या धुराची गुठळी वर गेली, पत्रे थरथरले.

"आगं बया!" मनकर्णाबाई ओरडली. "पहिल्या सेलला! म्हणलं नव्हतं मी? हात, हात कुणाचा हाय!"

बाया हसल्या, एकीनं टाळ्या वाजवल्या. असं गोड वाटलं म्हणता! मिशीकडं हात गेला, अर्धीच सापडली. आन् तेव्हा पत्र्याच्या फटीतून मला सोमनाथ दिसला. शेणाची पाटी उचलून चालला व्हता. सेलचा आवाज ऐकून क्षणभर थांबला, मान हलवली, आन् इकडं न बघता पुढं गेला. बावीस वर्सं तो असाच गेला असणार.

मी बंद करायचा दांडा ओढला. ट्रॅक्टर दोन गचके खाऊन गप झाला.

आशानं कपाळावर हात मारला. मनकर्णाबाई म्हणाली, "भाऊ, बरे हायेत ना?"

"सोम्या!" मी ओरडलो. "इकडं ये!"

तो शेणाच्या हातानं आला. "काय झालं? चालू झालेला कशाला बंद केला?"

"चढ वर. सेल तू मार."

"दादा, येड्यासारखं काय..."

"चढ म्हणतो ना!" मंग मी टोळीकडं वळलो. ओरडूनच बोललो. "ऐका. सोम्या चार वाजता उठून ह्याच्या चेंबराखाली इंगळ ठिवायचा, तवा ह्यो उठायचा. बावीस वर्सं. माझा हात नुसता बटनावर व्हता. काल मी म्हणलो, त्यानं साखर घातली. ते बी ऐका, ते खोटं व्हतं."

सोमनाथनं पायजम्याला हात पुसले. शिटावर बसला. थंडीच्या सकाळी ह्या शिटावर मी त्याला कधी पाह्यलंच नव्हतं. त्यानं बटनाला बोट लावलं, नुसतं लावलं म्हणा, आन् ट्रॅक्टर उठला.

त्यानं मान खाली घातली. डोळे पुसत असावा, धुरामुळं असंल. मंग खाली उतरला, माझा खांदा दाबला आन् म्हणाला, "चल, वाफे पाड. रोप जून हुतंय."

त्या दिवशी लागवड झाली. अंधार पडेपर्यंत निम्मं रान हिरवं झालं. राहिलेल्या तुकड्याला सोमनाथ, सायली, आशा आन् मी पुढं चार दिवस वाकलो. पण एक सांगायचं राहिलं. त्याला अर्धाच सेल लागला. मला एक लागला व्हता. आता, इंजन आधी मी चालू केलेलं, त्यामुळं गरम व्हतं, म्हणून अर्धा लागला. हे मी मनकर्णाबाईला दिवसभरात चारदा सांगितलं. तीनदा ती "व्हय भाऊ" म्हणाली.

चौथ्यांदा ती वाफ्यातून सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आन् म्हणाली, "व्हय भाऊ, गरमच व्हतं. पण गरम केलं कुणी?"